दोन महिन्यांची नोटीस

१

सहीची शेवटची रेघ 'आपली' या छापील शब्दावरून गेली होती, आणि जिथे दोन्ही एकमेकांना छेदत होती तिथे काळं वर होतं, निळं खाली.

ती जागा मोहरीच्या दाण्याएवढीही नव्हती. चंपा घरत यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला, जरा तिरपा केला, पुन्हा सरळ केला. एकतीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काचपट्ट्या पाहिलेल्या बाईला मोहरीएवढी जागा पुष्कळ होते.

"सही तुमचीच हाय ना, चंपाबाय?" समोर खुर्चीच्या कडेवर बसलेल्या कॉन्रॅडने विचारलं.

कॉन्रॅड त्यांचा घरमालक. उत्तनजवळच्या डोंगरीचा. भाईंदर पश्चिमेतली ही पहिल्या मजल्यावरची वन रूम किचन त्याने जूनमध्ये चंपाबाईंना भाड्याने दिली होती. आज तो बसने आला होता, वाडीतल्या शेवग्याच्या शेंगा घेऊन. शेंगा ओट्यावर ठेवून त्याने सहज विचारलं होतं, "मग किल्ली सकाळी देताय की संध्याकाळी?" आणि चंपाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहून खिशातून पोस्टाने आलेलं हे पत्र काढलं होतं.

पत्र जेमतेम पाच ओळींचं होतं. घरगुती कारणामुळे मी आपली जागा सोडत आहे. करारानुसार दोन महिन्यांची नोटीस या पत्राने देत आहे. ३० नोव्हेंबरला किल्ली परत करीन. या विषयावर बोलणं मला जड जातं, तरी कृपया फोन करू नये. आपली, आणि खाली सही. तारीख ३० सप्टेंबर.

"फोन करू नका लिवलंय, म्हणून केला न्हाय," कॉन्रॅड म्हणाला. "म्हटलं, काय तरी दुःख असेल. एक महिना दिला असता तरी चाललं असतं, तुम्ही दोन दिले. बायकोला, मॉलीला बोललो मी, बाय भली हाय. नवा भाडेकरू पण मिळाला. टोकन घेतलंय मी. एक तारखेला त्याचं सामान येतंय."

आज चौदा नोव्हेंबर होता. गुरुवार.

"सही माझीच आहे," चंपाबाई शांतपणे म्हणाल्या. "पत्र माझं नाही."

"असं कसं होईल?"

"तेच बघायचंय मला."

कॉन्रॅडने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "हे बगा, मी खोटं न्हाय बोलणार. नवा माणूस दोन हजार जास्त देतो. पण तुमची जायची मर्जी न्हाय तर मी कोणाला काढत न्हाय. टोकन परत करीन. फक्त पक्कं सांगा. मे महिन्यापासून नवा करार करताय, पुढचे अकरा महिने राहताय, की पोरांकडे जाताय. रविवारी येतो मी."

"बघू," चंपाबाई सवयीने बोलून गेल्या.

"'बघू' न्हाय चालणार, बाय," कॉन्रॅड उठत म्हणाला. "'बघू'वर टोकन परत देता येत न्हाय."

२

तो गेल्यावर त्यांनी कपाटातून भिंग काढलं.

आधी छापून मग सही केली, तर पेनाची शाई छपाईच्या वरून जाते, अक्षराच्या काळ्या भागावर अडखळते. इथे निळी रेघ कुठेही अडखळलेली नव्हती. प्रिंटरची काळी पूड तिच्यावर बसून चकाकत होती. म्हणजे सही आधी झाली आणि मजकूर नंतर. कुणीतरी सही असलेला कोरा कागद प्रिंटरमध्ये घातला होता, आणि 'आपली' हा शब्द अर्ध्या सेंटिमीटरने खाली आला होता. तेवढीच चूक.

आता प्रश्न होता तो कोऱ्या कागदाचा. त्याचं उत्तर चंपाबाईंना लगेच आठवलं आणि आठवून लाज वाटली.

यजमान कमळाकर जाऊन दोन वर्षं झाली होती. जुना फ्लॅट चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टचा. गुडघे साथ देईनात तेव्हा मे महिन्यात त्यांनी तो विकला. त्या धावपळीत सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले होते, "पाच कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवा, घरतबाई. अर्ज लागतात, ना-हरकत लागते, दर वेळी तुम्हाला जिने कशाला? सगळेच देतात." एकतीस वर्षांत एकही रिपोर्ट न वाचता सही न केलेल्या बाईने पाच कोऱ्या कागदांवर सह्या केल्या. सगळेच देतात म्हणून. दोन वापरले गेले. तीन परत आले, ते हिरव्या फाइलमध्ये ठेवले.

त्यांनी पलंगाखालची बॅग ओढून हिरवी फाइल उघडली. कोरे कागद दोनच होते.

घर बदलल्यापासून या फाइलला चौघांचे हात लागले होते. मुलगी मनालीने ती बांधली. मुलगा निकेत ती गाडीत घेऊन बसला. एजंट धनेश ती झेरॉक्सला घेऊन गेला. आणि कराराच्या दिवशी कॉन्रॅड याच टेबलावर ती समोर ठेवून बसला होता.

चौघांपैकी प्रत्येकाचं चंपाबाईंनी इथून जाण्यात काही ना काही होतं. कॉन्रॅडला जास्त भाडं मिळणार होतं. फ्लॅट विकून, कर भरून हातात राहिलेले चोपन्न लाख पाच महिने बचत खात्यात पडून होते, आणि ते कुठे जावेत याबद्दल बाकी प्रत्येकाचं एक ठाम मत होतं. मत नव्हतं ते फक्त चंपाबाईंचं. खरं तर होतं. पाच महिन्यांपूर्वीच त्यांनी ते वहीत लिहून, दोनदा तपासून ठेवलं होतं. तोंडाने बोलून दाखवलं नव्हतं इतकंच. बोललं की भांडण, म्हणून विचारेल त्याला 'बघू'.

निकेत संध्याकाळी ऑफिसमधून थेट आला. मीरा रोडला राहतो, बोलतो मात्र सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं.

"मी काय म्हणत होतो? सांगितलं होतं की नाही?" पत्र वाचून तो म्हणाला. "भाड्याच्या घराचं हेच असतं, आई. अकरा महिन्यांचा करार, त्यात नोटीस-बिटीस काही नसते. मालक उद्या म्हणाला निघा, की निघा! तरी तुला सांगतोय, एक वन बीएचके घेऊन टाक. स्वतःचं छप्पर. भाडं म्हणजे पाण्यात पैसे."

"घर घेतलं की पैसे भिंतीत गेले. मग खाऊ काय? भिंती चाटून पोट भरत नाही."

"आम्ही आहोत ना!"

"म्हणजे दर महिन्याला तुझ्याकडे हात पसरू. औषध संपलं, निकेत. गॅस संपला, निकेत."

"आई, टोमणे नको मारूस." त्याने पत्र टेबलावर टाकलं. "आणि माझ्याकडे असं बघू नकोस. मला तुला इथून काढायचं असतं तर तोंडावर भांडून काढलं असतं. चिठ्ठ्या पाठवणारा माणूस मी आहे का?"

ते खरं होतं. पण खरं वाटणं हा पुरावा नसतो. मघाशी तो आणखी एक वाक्य बोलला होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. चंपाबाईंनी ते लक्षात ठेवलं.

तो गेल्यावर काशीगावहून मनालीचा फोन आला. आवाज नेहमीसारखा मऊ. जूनमध्ये भाड्याने राहण्याच्या बाजूने घरात एकटी तीच होती. 'तुझं तू ठरव, आई,' म्हणणारी.

"दादाने सांगितलं मला. कसला मेला माणूस, नाही? जाऊ दे, आई, वाद घालू नकोस. सामान बांधायला मी येते. थोडे दिवस माझ्याकडे राहा, मग शांतपणे ठरवू."

फोन ठेवल्यावर चंपाबाईंना बरं वाटलं. निदान एक माणूस तरी आपल्या बाजूचं आहे.

३

धनेशचं ऑफिस स्टेशनच्या रस्त्यावर, फरसाणाच्या दुकानाला लागून. एक टेबल, दोन खुर्च्या, एक प्रिंटर. शुक्रवारी सकाळी चंपाबाई दारात दिसल्याबरोबर तो उठून उभा राहिला.

"आओ आंटी, आओ! बैठो. चहा बोलू?"

"चहा नको. हे तुझ्या प्रिंटरवर छापलंय का ते सांग."

त्याने पत्र वाचलं आणि दोन्ही हात वर केले. "माँ कसम, नाही! कॉन्रॅडभाईचा फोन आला तेव्हाच मला कळलं तुम्ही सोडताय. मी नवी पार्टी दिली, इतनाच. तो मेरा धंदा है."

"दलाली मिळाली ना पण? दोन्हीकडून."

"मिळाली. झूठ क्यूं बोलू." तो खाली बसला. "पण आंटी, मला दलालीच पाहिजे असती तर मी हे दोन महिने कशाला लिहू? मी लिहिणार एक महिना. लवकर खाली, लवकर दलाली."

चंपाबाईंनी चष्मा सारखा केला. "एक का?"

"अरे, विसरल्या का तुम्ही? करारात तुमच्या साइडने एकच महिना आहे! पहिला ड्राफ्ट मी बनवला त्यात दोन होता. तुम्ही इथे, याच खुर्चीवर बसून माझं डोकं खाल्लं. 'मला जागा आवडली नाही तर दोन महिने अडकून का राहू?' कॉन्रॅडभाई पण बसला होता. शेवटी तो म्हणाला, कर बाबा एक. मी परत प्रिंट काढली. बारा पानं वाया गेली माझी."

कॉन्रॅड काल काय म्हणाला होता? एक महिना दिला असता तरी चाललं असतं, तुम्ही दोन दिले. त्याला त्यांनी चांगुलपणा समजून सोडून दिलं होतं.

"आंटी, ते सोडा," धनेश टेबलावर पुढे झुकला. "पैशाचं काय केलं? बँकेत सडवताय अजून? माझ्या ओळखीचा बिल्डर आहे, महिन्याला दीड टक्का देतो. घरी आणून. लिखके देतो."

"महिन्याला दीड टक्का देणारा मुद्दल कुठून परत देणार?"

"भरोसा ठेवावा लागतो."

"भरवसा मी पाच कोऱ्या कागदांवर ठेवला होता," चंपाबाई उठल्या. "सध्या माझ्याकडचा संपलाय."

दारापर्यंत जाऊन त्या थांबल्या. "धनेश, तो पहिला ड्राफ्ट. दोन महिनेवाला. तो तू कुणाकुणाला पाठवलास?"

"फक्त तुम्हाला. व्हॉट्सॲपवर. पुढे तुम्ही कुणाला पाठवला ते तुम्हाला माहीत."

४

चंपाबाई घरी आल्या, पंखा लावला आणि फोन हातात न घेता बराच वेळ बसून राहिल्या.

पत्र लिहिणाऱ्याला कराराबद्दल एक गोष्ट माहीत होती आणि एक माहीत नव्हती. करारात भाडेकरूने द्यायच्या नोटिशीचं कलम आहे, हे माहीत होतं. ते कलम नंतर बदललं, हे माहीत नव्हतं.

धनेशने बदल स्वतः टाइप केला होता. कॉन्रॅडने समोर बसून मान्य केला होता. त्या दोघांना घाई असती तर दोघांनीही एकच महिना लिहिला असता. फायद्यासाठी खोटं लिहिणारा माणूस स्वतःचं एका महिन्याचं नुकसान करून घेत नाही. आणि निकेत? करारात नोटीस-बिटीस काही नसते, असं तो काल ठासून म्हणाला होता. त्याने कुठलाच मसुदा पाहिलेला नव्हता. जूनमध्ये तर सामान हलवायला आला तेव्हाही तो त्यांच्याशी बोलत नव्हता, भाड्याने जाताहेत म्हणून.

म्हणजे ज्याने फक्त पहिला मसुदा पाहिला, असा माणूस.

त्यांनी फोन उघडला. जून. सहा तारीख. तो मसुदा त्यांनी एकाच ठिकाणी पाठवला होता. बदललेला करार कुणालाच नाही. खाली उत्तर होतं, सोबत एक हसरा चेहरा: 'वाचला पूर्ण. दोन महिन्यांची नोटीस ठीक आहे गं, घाबरू नकोस.'

लॅबमध्ये एक शिस्त होती. नको असलेला निकाल आला की नमुना पुन्हा लावायचा. चंपाबाईंनी जून महिना पुन्हा वरून खाली पाहिला. मग मेल पाहिली. मग पुन्हा फोन. मग सगळं तिसऱ्यांदा.

निकाल बदलला नाही.

त्यांनी फोन लावला. "मनाली, रविवारी जेवायला ये. दादालाही बोलावलंय."

"सामान बांधायला ना? येते. खोके आणू?"

"नको," चंपाबाई म्हणाल्या. "खोके नको आणूस."

५

रविवारी शेवग्याच्या शेंगांची आमटी होती. जेवणं झाली. मग टेबल पुसून त्यांनी पत्र मधोमध ठेवलं, शेजारी भिंग, शेजारी करार. कॉन्रॅड नुकताच आला होता. तो दाराजवळच्या स्टुलावर बसला.

सही आधी, मजकूर नंतर, हे त्यांनी सांगितलं. पाच कोरे कागद सांगितले. एक महिना आणि दोन महिने सांगितलं. रिपोर्ट वाचून दाखवावा तसं, आवाज न चढवता.

"म्हणजे मी नाही," निकेत म्हणाला. "मला तर हे कलम असतं हेच—" आणि तो थांबला. त्याने आईकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "मनू?"

मनालीने भिंग उचललं, खाली ठेवलं. नाकारण्याचा प्रयत्नही तिने केला नाही. बहुधा आईला ती ओळखून होती.

"घर सोडलंस की माझ्याकडे येशील, एवढंच होतं माझ्या मनात," ती म्हणाली.

"तुझ्याकडे म्हणजे कुठे? तुझ्या घरात तुम्ही चौघं नि एक बेडरूम."

"नवीन टॉवर होतोय ना, आमच्या बाजूला. टू बीएचके बुक केलाय. तुझं नाव पण घातलंय अर्जात." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "दोन लाख भरलेत. पुढचे पंचवीस डिसेंबरात द्यायचेत."

"कुणाचे पंचवीस?"

मनाली पत्राची कड बोटाने सरळ करू लागली.

"माझे," चंपाबाई म्हणाल्या. "मला न विचारता."

"विचारलं होतं!" मनाली एकदम उसळली. डोळे भरले होते, पण आता आवाज मऊ नव्हता. "ऑगस्टमध्ये विचारलं, गणपतीत विचारलं. आई, आपण मिळून मोठं घर घेऊया का? काय म्हणालीस? 'बघू.' पाच महिने 'बघू'! आमच्या घरात 'बघू' म्हणजे होच असतं. बाबांना तू सगळ्याला 'बघू' म्हणायचीस आणि मग तसंच व्हायचं, ते म्हणतील तसं. नाही म्हणालेली मी तुला कधी ऐकलंच नाही. एकदा तोंडाने नाही म्हणाली असतीस तर मी बुकिंगच केलं नसतं."

"म्हणून माझ्या सहीवर माझंच घर सोडायचं पत्र लिहिलंस."

"सोसायटीतल्या बायका विचारतात मला. पोटची दोन मुलं असून आई या वयात भाड्याने का राहते? काय सांगू त्यांना?"

"सांग की तिला आवडतं."

निकेतने घसा साफ केला. "आई, तिनं केलं ते चूकच. पण मुद्दा तोच राहतो. पैसे पडून आहेत. तू ठरवत नाहीस म्हणून सगळे ठरवताहेत. माझं ऐक, एक छोटा फ्लॅट—"

"दादा, तू तर गप्पच बस! तुझं काय वेगळं आहे? त्या फ्लॅटला वारस म्हणून तुझंच नाव—"

"ए, तोंड सांभाळ!"

"पोरांनो," कॉन्रॅड स्टुलावरून म्हणाला, "भांडा नंतर. मला सहाच्या बसने जायचंय. नवा भाडेकरू फोनवर फोन करतोय." तो चंपाबाईंकडे वळला. त्याचा स्वर उतावीळ नव्हता. "बाय, पत्र खोटं निघालं, बरं झालं. पण खरं काय ते अजून कोणी बोललंच न्हाय."

तिघंही त्यांच्याकडे पाहत होते, आणि तिघांच्याही चेहऱ्यावर आत्ता आई काय म्हणणार ते आधीच ठाऊक असल्याचा भाव होता. चंपाबाईंना तो दिसला. मनालीने केलेला अपराध अपराधच होता, पण तिच्या बोलण्यातला एक भाग तपासून पाहावा असा होता, आणि तपासला तेव्हा तो खरा निघाला. कोरे कागद त्यांनी फक्त सेक्रेटरींना दिले नव्हते. पाच महिने त्या घरातल्या प्रत्येकाला एकेक कोरा कागद देत आल्या होत्या, खाली सही करून. ज्याने त्याने आपापला मजकूर भरून घेतला.

त्या पाणी प्यायल्या. हात टेबलावर सपाट ठेवले.

"मनाली, तुझे दोन लाख मी भरून देणार नाही. माझं नाव त्या अर्जातून उद्या काढ. काढलं नाहीस तर मी स्वतः टॉवरच्या ऑफिसात जाऊन काढीन, आणि तिथे का काढतेय तेही सांगीन."

"आई—"

"माझं संपलेलं नाही. निकेत, मी घर घेणार नाही. लहान नाही, मोठं नाही, माझ्या नावावर नाही, कुणाच्या नावावर नाही. आयुष्यभर एका घराचे हप्ते फेडले आणि त्याच घराचे जिने चढून गुडघे घालवले. आता भिंतींनी मला पोसायचं. मी भिंतींना पोसणार नाही."

त्यांनी खणातून वही काढून समोर उघडली.

"उद्या सकाळी मी पोस्टात जातेय. तीस लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत. त्याहून जास्त एका माणसाला ठेवता येत नाहीत. त्याचं व्याज तीन महिन्यांनी येतं आणि भाडं दर महिन्याला जातं, म्हणून नऊ लाख मासिक उत्पन्न योजनेत. साडेतेरा लाख तीन वेगळ्या बँकांत, प्रत्येकी साडेचार. बँक बुडाली तर विमा पाच लाखांपर्यंतच मिळतो, व्याज धरून, म्हणून पाच नाही, साडेचार. उरलेले दीड लाख दवाखान्यासाठी हाताशी. महिन्याला चौतीस हजारांच्या आसपास बसतात. भाडं सतरा. उरलेल्यात मी जेवीन, औषधं घेईन, आणि वाटलं तर उत्तनला रिक्षाने जाऊन मासळी आणीन. वारस तुम्ही दोघं, निम्मे-निम्मे. ते मी गेल्यावर. मी असताना यातल्या एका रुपयावर कुणी काही बुक करणार नाही."

"एवढं सगळं ठरवलं होतंस?" मनालीने विचारलं. "कधी?"

"जूनमध्ये."

"मग बोलली का नाहीस?"

याला उत्तर होतं, पण ते लांब होतं, आणि कॉन्रॅडची बस सहाची होती. चंपाबाई त्याच्याकडे वळल्या. आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला. शेजारच्या दारापर्यंत गेला असेल. जाऊ दे, असं त्यांना वाटलं.

"कॉन्रॅड, त्या माणसाला टोकन परत कर. मी इथेच राहणार आहे. भाड्याने, एकटी, माझ्या पैशावर."